औंढ्याला दिलेली साक्ष

आमच्या जाऊबाई हिंगोलीच्या बाहेर फारशा गेलेल्या नाहीत. माहेरही गावातच, दोन गल्ल्या ओलांडून. म्हणून कोणी बाहेरगावाहून आलं की त्या समोर मांडी घालून बसतात आणि म्हणतात, "सांग, काय काय पाह्यलं." मी औंढ्याच्या शिवरात्रीहून परत आले तेव्हाही बसल्या. मला तोंडानं सांगता येत नाही. मी म्हटलं, "कवठं चांगली मिळाली." त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग पाण्याला गेल्या.

म्हणून लिहिते आहे. माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत. वही माझ्या धाकट्या भावाची, दिगूची. त्याची शाळा उर्दूतली, त्यामुळे वही उजवीकडून भरत आलेली आहे. मी डावीकडून सुरुवात केली. मध्ये कुठं तरी दोघांच्या अक्षरांची गाठ पडेल, तिथं थांबायचं.

आधी का गेले ते सांगते. दिगू मॅट्रिकच्या वर्गात होता आणि हिंगोलीच्याच शाळेच्या बोर्डिंगात राहत होता. संक्रांतीनंतर एका संध्याकाळी बोर्डिंगातल्या मुलांनी प्रार्थनेच्या वेळी देशाचं गाणं म्हटलं. आमच्याकडे निजामाचं राज्य, इथं ते गाणं चालत नाही. त्या खोलीतल्या नऊ मुलांची नावं शाळेतून काढली. माफी लिहून देईल त्याला परत घेऊ, असा वरून हुकूम आला. नवांपैकी एकानंही लिहून दिली नाही.

पण दिगू त्या संध्याकाळी बोर्डिंगात नव्हताच. त्याला हिवताप भरला होता आणि तो माझ्या घरी दोन गोधड्यांखाली होता. नावं उतरवणाऱ्यानं खोलीच्या हजेरीवरून उतरवली, त्यात त्याचं गेलं. त्यानं ते कोणाला सांगितलं नाही.

बापूंना, म्हणजे आमच्या वडिलांना, हे उशिरा कळलं. ते बाळापूरहून तडक आमच्या घरी आले. त्यांनी मला विचारलं, "त्या सांजच्याला दिगू कुठं व्हता?"

"माझ्या घरी. ताप व्हता."

त्यांनी एवढंच विचारलं आणि मी एवढंच सांगितलं. त्यांनी शाळेच्या मुख्य मास्तरांना निरोप धाडला. सगळे त्यांना मोठे मास्तर म्हणतात. त्यांचं उत्तर आलं की माफीची गरज नाही, मुलगा हजर नव्हता असा साक्षीदाराचा जबाब पुरे आहे. शाळेला शिवरात्रीची सुट्टी असल्यामुळे ते औंढ्याला जत्रेतल्या हुतूतूचे पंच म्हणून जाणार होते. साक्षीदाराला तिथं आणा, मी लिहून घेतो, सुट्टी संपली की परीक्षेचे अर्ज जायचे आहेत, असं कळवलं.

साक्षीदार मी. त्या संध्याकाळी घरचे कापडाच्या खरेदीला परभणीला होते, जाऊबाई माहेरी होत्या, आणि मामंजींना ऐकू येत नाही. दुसरं कोणी नव्हतंच.

द्वादशी, तांडा

गाडी उस्मानचाचांची. त्यांचं घर आमच्या गल्लीत, कापूस पिंजायचा धंदा, आणि बैलजोडी असल्यामुळे दर शिवरात्रीला ते यात्रेकरूंना औंढ्याला नेतात. मी धपाटे, दही आणि लसणाची चटणी बांधून घेतली होती. कयाधू ओलांडली तेव्हा पाणी घोट्याएवढंच होतं. पलीकडे ज्वारी काढून झालेली, रानं मोकळी. पुढं माळ लागतो आणि मग टेकड्या. टेकड्यांवर सागाची पानं गळून गेली होती आणि पळस तेवढा फुललेला. एवढ्या उजाड रानात तो रंग बरा दिसत नाही, जखमेसारखा वाटतो. पण बापू म्हणाले, "पळस लई आलाय औंदा," आणि त्यांना ते चांगलं वाटलं.

वाटेत उस्मानचाचा बैलांशी बोलत होते. थोड्या वेळानं मला म्हणाले, "बेटी, ये बैल बी तुझ्यापरीस जास्त बोलतात. औंढ्याला जाऊन तू जबाब कसा देणार?"

"देती ती बराबर," बापू म्हणाले. "व्हय म्हणायचं, झालं. दोन डाव व्हय."

मी मान हलवली. मान हलवण्याचंच काम असेल तर मला जमण्यासारखं होतं.

दिवस उतरायला लागला तेव्हा उजव्या चाकाची खीळ निसटली. चाक गाडीच्या पुढं चार हात पळत गेलं आणि आडवं झालं. गाडी कलली. दह्याचं गाडगं माझ्या मांडीवर फुटलं. कोणाला लागलं नाही. उस्मानचाचा खीळ शोधायला मागं गेले, पण सापडली नाही.

जवळच एक तांडा होता, तिथं मुक्काम करावा लागला. तांड्यातले लोक पूर्वी बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे, आता शेती करतात. त्यामुळे बैल आणि गाडी यांच्याविषयी त्यांना सगळं माहीत. एका म्हाताऱ्यानं चाक पाहिलं आणि खीळ उद्या बाभळीची करून देतो म्हणाला. त्याची सून सोमली, माझ्याच वयाची. तिनं मला पाणी दिलं, लुगड्यावरचं दही धुवायला राख दिली. दोन्ही हातांत दंडापर्यंत चुडे, घागऱ्याला आरसे. तिच्या पदराखाली तिचा अर्धा चेहरा झाकलेला होता, पण ती बापूंशी, उस्मानचाचांशी, सासऱ्याशी मोठमोठ्यानं बोलत होती. आमच्याकडे तोंड उघडं असतं आणि बोलायचं नसतं.

जेवताना ती मला म्हणाली, "बाई, तुज्या तोंडाला कुलूप हाय का? किल्ली नवऱ्याकडं राह्यली काय?"

सगळे हसले, बापूसुद्धा. मीही हसले. जाड भाकरी आणि हरभऱ्याची भाजी होती, तिखट इतकं की नाकातून पाणी आलं.

तिथं पडल्यापडल्या मला त्या संध्याकाळची आठवण येत राहिली. ती इथं लिहून ठेवते, कारण पुढं ती लागणार आहे. दिगूचे दात वाजत होते. मी चुलीवर आंबील ठेवली होती. त्यानं विचारलं, "अक्का, किती वाजले?" मी म्हटलं, दिवे लागले. तो म्हणाला, "मंग आता पोरं म्हणून राहिली असतील." आणि त्यानं गोधडीतून तोंड बाहेर काढून ते गाणं म्हटलं. आवाज कापत होता. मी म्हटलं, गप पड. तो म्हणाला, "तू बी म्हण, मंग पडतो." पहिल्या दोन ओळी त्यानं मला तीनदा सांगितल्या. मी आंबील ढवळता ढवळता त्या म्हटल्या. मग तो आंबील प्यायला आणि झोपला.

हे मी बापूंना सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं.

त्रयोदशी, औंढा

खीळ तयार व्हायला दुपार झाली. औंढ्यात शिरलो तेव्हा दिवस मावळला होता. मोठे मास्तर दुपारी धर्मशाळेत बापूंची वाट पाहून गेले होते. त्यांचा निरोप असा की उद्या शिवरात्रीला पूजा आणि पंचांची बैठक आहे, आता परवा सामना झाल्यावरच जबाब घेईन. परवा म्हणजे अमावास्या. बापूंना ते आवडलं नाही.

"अमावस्येला कागद करू न्हाई," ते उस्मानचाचांना म्हणाले. "एका खिळीनं घात केला."

"खीळ हुती तवर कुनी तिचं नाव काढलं का, बापू?" उस्मानचाचा म्हणाले.

दिगू आम्हाला धर्मशाळेच्या पायरीवर भेटला. तापानं गाल बसले होते. नवांपैकी सात जण जत्रेत हुतूतू खेळायला आले होते, कारण शाळेच्या संघात आता त्यांना घेत नव्हते. तो बापूंच्या पाया पडला. बापू आत गेल्यावर मला म्हणाला, "अक्का, तू काहून आलीस?"

"बापूनं आणलं."

"काय सांगणार?"

"झालं ते."

तो पायरीवर बसला. "खोटं सांग असं मी तुला म्हणत न्हाई. गप बस म्हणलं तर तू जलमभर बसशील, ते बी म्हणत न्हाई." मग म्हणाला, "पर माझ्या तोंडून 'मी न्हवतो' हे निघणार न्हाई. ते आठ जण घरी बसतील आन् मी परीक्षेला जाईन व्हय?"

त्याच्या जोडीदाराचं नाव बळीराम. तो मागं उभा होता. तो म्हणाला, "जा की बे. एक तरी पास होऊ दे आमच्यातला."

दिगूनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

शिवरात्र

देवळाविषयी जाऊबाई नक्की विचारतील, म्हणून लिहिते. देऊळ काळ्या दगडाचं आहे आणि बाहेरून सगळीकडे कोरलेलं, खालच्या थरात हत्ती. हत्ती एकासारखा एक नाही. एक सोंडेनं पुढच्याची शेपटी धरतो, एक मागं वळून पाहतो. नंदी देवासमोर नाही, मागच्या बाजूला आहे. एका भक्ताला बडव्यांनी पुढून हाकललं, तो मागं जाऊन बसला, तेव्हा देऊळच त्याच्याकडे फिरलं असं सांगतात. नंदी मात्र होता तिथंच राहिला. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एक बाई म्हणाल्या, "नंदीला कुनी सांगितलंच न्हाई वाटतं." त्या हसल्या नाहीत, म्हणून मीही हसले नाही.

पिंड जमिनीखाली आहे. एका भोकातून उभ्या पायऱ्या उतरून जावं लागतं. एक माणूस वर येतो तेव्हा दुसऱ्यानं अंग चोरून थांबायचं. खाली तेलाचा धूर, ओलं बेलपान आणि माणसांच्या घामाचा वास. मला भीती वाटली. वर येताना हात दगडावर आपटला आणि दोन बांगड्या फुटल्या. बापू म्हणाले, बांगडी वाढवली म्हणायचं, फुटली म्हणायचं नाही. दोन वाढवल्या.

उपवासाची भगर आणि शेंगदाण्याची आमटी धर्मशाळेत होती. बाजारात कवठांचे ढीग लागले होते. हिंगोलीत कवठ गुळात घालून चटणी करतात. इथं एक बाई कवठात मीठ-मिरची घालून, काडीनं ढवळून, कवटीतच देत होती. मला ते जास्त आवडलं. घरी करून पाहिलं, तशी चव आली नाही.

बापू दिवसभर मोठ्या मास्तरांना गाठायला फिरले. संध्याकाळी एकदा गाठ पडली तेव्हा ते म्हणाले, "बापूसाहेब, फिकीर करू नका. पोरगं माझं आहे. उद्या दहा मिनिटांचं काम." बापूंनी ते मला तीनदा सांगितलं.

अमावास्या

हुतूतूचं मैदान तळ्याच्या अंगाला होतं. राखेनं रेघा मारलेल्या. बायका एका बाजूला, झाडाखाली. माझ्या पुढं एक उंच बाई उभी होती, तरी तिच्या खांद्यावरून दिसत होतं. संघांची नावं पुकारणाऱ्यानं दिगूच्या संघाला विचारलं, कोणत्या गावचे? ते चार गावांचे होते. शाळेचं नाव घ्यायची सोय नव्हती. बळीराम ओरडला, "लिहा, नावं काढलेली पोरं." पुकारणाऱ्यानं तसंच पुकारलं. लोक हसले आणि मग टाळ्या वाजल्या.

समोर संघ आखाडा बाळापूरचा. म्हणजे आमच्याच गावचा. त्यात आमच्या चुलत्याचा मुलगा कोंडिबा होता, खांबासारखा. बापू दोन्हीकडे पाहत होते. उस्मानचाचांनी त्यांना विचारलं, "आज आवाज कुनाच्या नावानं?" बापू म्हणाले, "माझा घसा बसलाय."

मोठे मास्तर शेरवानी घालून रेघेवर उभे होते. त्यांनी दोन्ही संघांना जवळ बोलावून एकच गोष्ट सांगितली. ती दरवर्षी सांगतात म्हणे. जत्रेत गलका असतो, पंचाला दम ऐकू येत नाही. तेव्हा ज्याचा दम तुटेल त्यानं आपणहून हात वर करायचा आणि बाहेर व्हायचं. विचारायची वाट पाहायची नाही.

जाऊबाईंनी हुतूतू पाहिला नसेल. एका बाजूचा गडी 'हुतूतू हुतूतू' म्हणत एका दमात पलीकडे जातो, कोणाला तरी शिवतो आणि दम न तोडता मधल्या रेघेच्या अलीकडे येतो. आला तर शिवलेला मेला. दम तुटला किंवा धरला गेला तर हाच मेला. बाळापूरला लहानपणी मुली खेळायच्या, पण मी रेघेबाहेर बसून ओढण्या सांभाळायची.

खेळ दुपारभर चालला. शेवटी दोन्हीकडे एकेक गडी राहिला. इकडे दिगू, तिकडे कोंडिबा. चढाई दिगूची. तो गेला. कोंडिबानं त्याला कोपऱ्यात नेलं, दोन वेळा पाय धरायला वाकला. तिसऱ्यांदा वाकला तेव्हा दिगूनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि उलटा पळाला. रेघेवर उडी टाकली. मोठ्या मास्तरांनी हात पसरून कोंडिबाला बाहेर दाखवलं. लोक आत घुसले. बळीरामनं दिगूला कमरेला धरून उचललं. ढोल वाजायला लागला. माझ्या पुढची उंच बाई म्हणाली, "कुनाचं गं हे लेकरू? नुसती हाडं हायेत." मी टाचा उंच करून पाहत होते.

मग मला दिसलं की बळीरामच्या खांद्यावर उचललेल्या दिगूचा हात वर आहे. जिंकलेल्याचा हात असतो तसा नाही, सरळ, बोटं मिटलेली. बळीरामला ते कळलं नाही, तो नाचतच होता. मोठ्या मास्तरांना दिसलं. त्यांनी ढोल थांबवला.

"दम तुटला व्हता, मास्तर," दिगू म्हणाला. "रेघेच्या पलीकडंच. दोन हात."

"मी ऐकला नाही."

"तुटला व्हता."

बळीरामनं त्याला खाली टाकलं. अक्षरशः टाकलं. "लई साधू होऊन राह्यला का बे! कोंडिबानं तरी ऐकला का? ओ कोंडिबा, ऐकला का तुमी?"

कोंडिबा मान हलवून नाही म्हणाला. त्यालाही काय करावं समजत नव्हतं. मोठ्या मास्तरांनी थोडा विचार केला आणि बाळापूरच्या बाजूला हात दाखवला. बाळापूरच्या पोरांना फेटे बांधले. मानाचा नारळ कोंडिबानं देवळाच्या पायरीवर फोडला, आणि एक तुकडा आणून दिगूच्या हातात दिला. "घे भाऊ. तुजा ताप उतरू दे, मंग पाहू." दिगूनं तो सहा ठिकाणी वाटला. बळीरामनं घेतला नाही, मग घेतला.

मी त्याला तळ्यावर तोंड धुताना गाठलं. मला विचारायचंच होतं. "तितं हात वर केलास. मंग जबाबाला काहून न्हाई करत? तू न्हवतास हेबी खरंच हाय."

तो ओल्या तोंडानं माझ्याकडे पाहत राहिला. मी त्याच्याशी एका वेळेला एवढी वाक्यं कधी बोलले नव्हते. "तितं माझा दम तुटला व्हता, अक्का, म्हणून सांगितलं. हितं तुटला न्हाई. बाकीच्यांचा चालू हाय. मी मधीच रेघेबाहेर जाऊन बसू?"

मला पूर्ण पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही, पण तो काय म्हणतो ते समजलं.

मोठे मास्तर धर्मशाळेच्या ओट्यावर सतरंजीवर बसले. बापू एका बाजूला, गावचे दोन पंच दुसऱ्या बाजूला, दिगू खांबाशी उभा. बळीराम आणि बाकीची पोरं खाली रस्त्यावर कवठं खात होती आणि न पाहिल्यासारखं करत होती. बाहेर ढोल चालूच होता. मास्तरांनी कागद काढला आणि उजवीकडून लिहायला सुरुवात केली. मला बसायला सांगितलं. मी दाराच्या आडोशाला उभी राहिले.

"बाई, त्या संध्याकाळी दिगंबर तुमच्या घरी होता?"

"व्हय."

त्यांनी लिहिलं.

"तापानं आजारी होता?"

"व्हय."

त्यांनी लिहिलं. बापूंनी श्वास सोडला. दोन व्हय झाले होते.

"म्हणजे गाणं त्यानं म्हटलं नाही," मोठे मास्तर म्हणाले. हे त्यांनी मला विचारलं नव्हतं. ते खाली पाहून लिहायला लागले होते. दिगू खांबाकडे तोंड करून उभा होता. त्यांची लेखणी ओळीच्या अर्ध्यात आली होती. मोठ्या माणसाला लिहिताना मध्ये कसं थांबवायचं ते मला येत नाही. मी हात वर केला.

बापूंना आधी दिसला. "काय झालं, अनू? पाणी पायजे का?"

मोठ्या मास्तरांनी वर पाहिलं.

"म्हणलं, मास्तर," मी म्हणाले.

"काय म्हटलं?"

"गाणं. माझ्या घरी. त्याच वक्ताला."

मोठे मास्तर हळू आवाजात म्हणाले, "बाई, तापात माणूस काहीही बडबडतो. त्याला गाणं म्हणत नाहीत."

त्यांनी माझ्यासाठी वाट ठेवली होती, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यांना मुलगा परीक्षेला बसायला हवा होता.

"बडबड न्हवती. मला शिकवलं त्यानं. मी बी म्हणलं."

बापूंच्या तोंडून "अगं" एवढंच आलं. मोठ्या मास्तरांनी लेखणीला टोपण लावलं. मग म्हणाले, "मग तुमचं नाव मी कोणत्या शाळेतून काढू, बाई?"

"ते चौथीतच काढलंय, मास्तर."

मी हे कोणाला टोचून बोलले नाही, जे होतं ते सांगितलं. पण बापूंनी मान खाली घातली. चौथी झाल्यावर शाळेत जाऊन नाव काढून आणणारे तेच होते. त्यांनी मला तेव्हा येताना रेवड्या आणल्या होत्या.

मोठ्या मास्तरांनी कागदाची चार घड्या केल्या आणि तो शेरवानीत न ठेवता बापूंच्या हातात दिला. पंचांना म्हणाले, "जत्रेचा गलका फार आहे. मला काही ऐकू आलं नाही." मग उठले, जोडे घातले आणि जाता जाता म्हणाले, "हात तेवढा दिसला."

प्रतिपदा, परतीची वाट

अमावास्येला निघायचं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी निघालो. दिगू आमच्याबरोबर गाडीत होता. बापू तांड्याजवळ आल्यावर उस्मानचाचांना म्हणाले, "दोन लेकरं. एकाला शिकवलं, एकीला न्हाई शिकवलं. दोनीबी हातची गेली." उस्मानचाचा बैलांकडे पाहत म्हणाले, "बाभळीची खीळ बराबर बसली, बापू. लोखंडापरीस घट."

सोमली रस्त्यावर आली होती. "काय गं, किल्ली सापडली का?" तिनं विचारलं. दिगू माझ्याकडे पाहून एवढा हसला की त्याला खोकला आला. खोकला थांबल्यावर तो हळूच म्हणाला, "पर अक्का, तू खोटं बोललीस. मी बी म्हणलं म्हणून सांगितलंस. तुला तर दोनच ओळी येतात."

हे खरं होतं. पुढच्या ओळी त्यानं मला त्या वाटेवर शिकवल्या. बापू पुढं बसले होते. त्यांनी मागं पाहिलं नाही आणि गप बसा असंही म्हटलं नाही.

पुढच्या पानावर दिगूचं अक्षर दिसायला लागलं आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. नवांपैकी कोणाचाच अर्ज गेला नाही. दिगू आठ दिवसांनी कनेरगाव नाक्यावरून वाशीमला गेला. नाका ओलांडला की इंग्रजांचा मुलूख, तिथं शाळेत त्या गाण्याला कोणी हरकत घेत नाही. पण तिकडची शाळा मराठीतली आणि वरच्या वर्गाला इंग्रजीची, म्हणून त्याला एक वर्ग खाली बसवलं. एक वर्ष गेलं. बळीराम शेतीला लागला. दिगूच्या पत्रात लिहिलं आहे की तिकडे हुतूतूला शिट्टीचा पंच असतो, स्वतः हात वर करायची पद्धत नाही. त्यानं एकदा केला तर सगळे हसले.

काल दुपारी मी लिहीत होते तेव्हा जाऊबाई आल्या आणि पुन्हा समोर बसल्या. त्यांना अक्षर येत नाही. म्हणाल्या, "काय लिहून राहिली येवढं? वाच." मी सुरुवातीपासून वाचलं. हत्ती, कवठ, सोमलीचं कुलूप, सगळं. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "देऊळ झालं, जेवण झालं. ते गाणं कुठाय यात?"

"ते लिहिलं न्हाई."

"मंग म्हणून दाखव."

मामंजी ओसरीवर बसले होते. त्यांना ऐकू येत नाही. तरी मी उठून दार लोटून घेतलं, आणि म्हटलं.